इलेक्ट्रिक मोटारीची छोटी बॅटरी वारंवार उतरते तेव्हा...

साठ-सत्तर युनिट वीज पोटात साठवलेली मोटार सकाळी दाराचे कुलूपही उघडत नाही, हा अनुभव इलेक्ट्रिक वाहन प्रथमच घेतलेल्यांना चक्रावून टाकतो. मुख्य बॅटरी आदल्या रात्री ऐंशी टक्के भरलेली असते. तरीही किल्लीचे बटण दाबल्यावर दिवे लुकलुकत नाहीत, डॅशबोर्ड काळाच राहतो आणि चार्जर लावला तरी चार्जिंग सुरू होत नाही. अशा वेळी दोष बहुधा मुख्य बॅटरीत नसतो. पेट्रोल मोटारीत असते तशीच बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी इलेक्ट्रिक मोटारीतही असते आणि ती उतरलेली असते. काही हजार रुपये खर्चून ती बदलली की मोटार धावू लागते आणि मालक निर्धास्त होतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार घडला, म्हणजे मात्र प्रश्न बॅटरीच्या खरेदीचा राहत नाही. तो निदानाचा होतो. गॅरेजमध्ये नेमके हेच टाळले जाते, कारण त्यासाठी मोटार किमान एक रात्र हात न लावता उभी ठेवावी लागते आणि नवी बॅटरी तर वीस मिनिटांत बसते.

दोन बॅटऱ्या कशासाठी?

इलेक्ट्रिक मोटारीची मुख्य बॅटरी साधारण तीनशे ते चारशे व्होल्टची, काही मॉडेलांत आठशे व्होल्टच्या घरातील असते. एवढा दाब जिवावर बेतू शकतो. म्हणून मोटार उभी असताना ही बॅटरी उर्वरित वाहनापासून पूर्णपणे तोडलेली असते. तोडण्या-जोडण्याचे हे काम काँटॅक्टर नावाचे दणकट रिले करतात. मोटार चालू करताना सीटखालून ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्यांचाच. या काँटॅक्टरची कॉइल बारा व्होल्टवर चालते. म्हणजे मोठ्या कोठाराची किल्ली छोट्या बॅटरीच्या हाती असते. दिवे, वायपर, दरवाजांची कुलपे, ब्रेकचे नियंत्रण आणि मोटारीतील डझनावारी छोटे संगणक हेही याच बारा व्होल्टवर चालतात.

पेट्रोल मोटारीत ही बॅटरी भरण्याचे काम इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर करतो. इलेक्ट्रिक मोटारीत त्याच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो मुख्य बॅटरीचा दाब साडेतेरा-साडेचौदा व्होल्टपर्यंत उतरवून छोटी बॅटरी भरतो. तो कधी चालतो, हा या सर्व प्रकरणातील कळीचा मुद्दा होय. मोटार चालविण्यास सज्ज असताना तो चालतो. मुख्य बॅटरीचे चार्जिंग सुरू असताना बहुतेक मोटारींत चालतो. शिवाय अनेक नव्या मोटारी उभ्या असतानाही छोट्या बॅटरीचा दाब खाली गेला की स्वतःहून जाग्या होतात आणि तिला थोडी भर घालतात. चार्जर नुसता लावून ठेवला म्हणजे छोटी बॅटरी भरतच राहील, हा समज मात्र चुकीचा आहे. मुख्य बॅटरी भरल्यावर चार्जिंग थांबते आणि काही मोटारींत त्याबरोबर कन्व्हर्टरही थांबतो.

पेट्रोल मोटारीची बॅटरी अशक्त झाली की सेल्फ जड जातो, थंडीच्या सकाळी इंजिन कुरकुरत सुरू होते आणि मालकाला काही दिवस आधी सूचना मिळते. इलेक्ट्रिक मोटारीत सेल्फच नाही. काँटॅक्टर ओढायला आणि संगणक जागे करायला लागणारा थोडासा प्रवाह शेवटच्या घटका मोजणारी बॅटरीही आदल्या संध्याकाळपर्यंत देत राहते. त्यामुळे पूर्वसूचना जवळपास मिळतच नाही. धक्का मारून गाडी चालू करण्याचा जुना उपायही येथे निरुपयोगी ठरतो.

हा विषय गैरसोयीपुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर २०२५मध्ये टेस्लाच्या २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार ‘मॉडेल वाय’ मोटारींची प्राथमिक चौकशी सुरू केली. बाहेरून दरवाजे न उघडल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. मूल आत आणि पालक बाहेर अशी स्थिती होऊन काही प्रसंगांत काच फोडावी लागली होती. इलेक्ट्रॉनिक कुलपांना पुरेसा दाब न मिळाल्याने असे होत असावे, असे प्रशासनाच्या प्राथमिक पाहणीत दिसले.

कोरियन मोटारींचा धडा

छोटी बॅटरी उतरते, पण दोष तिचा नसतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ह्युंदाई-किआ समूहाच्या मोटारी. ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५’ आणि ‘आयोनिक ६’, किआची ‘ईव्ही ६’ आणि जेनेसिसची काही मॉडेले यांत घरच्या विजेवर चालणारा चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच पेटीत बसविलेले आहेत. या पेटीला आयसीसीयू, म्हणजे एकात्मिक चार्जिंग नियंत्रण यंत्रणा म्हणतात. चालकांना धावत्या मोटारीत ‘फट्’ असा आवाज ऐकू येई, डॅशबोर्डवर इशारा झळके आणि नंतर मोटारीची शक्ती कमी होत जाई. जून २०२३मध्ये अमेरिकी प्रशासनाने २०२२ सालच्या सुमारे ३९,५०० आयोनिक ५ मोटारींची चौकशी सुरू केली, तेव्हा अशा तीस तक्रारी नोंदलेल्या होत्या.

कारण पुढे स्पष्ट झाले. दाबातील क्षणिक उसळ्या आणि सतत तापण्या-निवण्याचे चक्र यांमुळे पेटीतील ट्रान्झिस्टर निकामी होत आणि बारा व्होल्टच्या बॅटरीचा पुरवठा बंद पडे. मोटार धावतच राही, पण छोट्या बॅटरीच्या शिलकीवर. ती सरली की मोटारही थांबे. मार्च २०२४मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून अमेरिकेत सुमारे १ लाख ४७ हजार मोटारी परत बोलावल्या. तेवढ्यानेही प्रश्न सुटला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये २ लाख ८ हजारांवर मोटारींसाठी नव्याने रिकॉल काढावा लागला आणि आधी दुरुस्त झालेल्या मोटारींनाही पुन्हा कार्यशाळेत यावे लागले. भारतात ह्युंदाईने जून २०२४मध्ये १,७४४ आयोनिक ५ मोटारी याच पेटीच्या तपासणीसाठी बोलावल्या. किआने जुलै २०२४मध्ये १,१३८ आणि फेब्रुवारी २०२५मध्ये १,३८० ईव्ही ६ मोटारी बोलावल्या. पेटी आणि तिचा फ्यूज तपासणे, गरज पडल्यास बदलणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, असे उपायाचे स्वरूप होते.

अशा मोटारीत नवी कोरी बॅटरी बसविली तरी ती एक-दोन फेऱ्यांतच उतरणार, हे उघड आहे. म्हणून बॅटरी दुसऱ्यांदा उतरल्यावर सर्वप्रथम करण्याजोगे काम फुकटचे आहे. चॅसिस क्रमांक देऊन आपल्या मोटारीवर एखादा रिकॉल किंवा सॉफ्टवेअरची दुरुस्ती प्रलंबित आहे का, हे अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे.

आधी वही, मग मीटर

उरलेले निदान तीन प्रश्नांत सामावते. बॅटरीत साठवण्याची क्षमता उरली आहे का, ती पुरेशी भरली जाते का आणि मोटार उभी असताना तिच्यातून किती वीज जाते? हे प्रश्न याच क्रमाने सोडवावेत. गॅरेजमध्ये पहिल्या प्रश्नावरच थांबण्याची पद्धत आहे. उत्साही मालक थेट तिसऱ्याकडे वळतात आणि मेलेल्या बॅटरीवर तासन्‌तास मोजमाप करीत बसतात.

मीटर हाती घेण्यापूर्वी बॅटरी उतरल्याच्या प्रत्येक घटनेची नोंद करावी. मोटार किती दिवस उभी होती, कोठे उभी होती, चार्जर लावलेला होता का, त्याआधी कोणते नवे उपकरण बसविले, सॉफ्टवेअर कधी बदलले? रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या मोटारीची बॅटरी उतरत असेल, तर संशय कन्व्हर्टरवर किंवा खुद्द बॅटरीवर जातो. चार-पाच दिवस उभी राहिल्यावरच उतरत असेल, तर गळती शोधावी लागते. कार्यालयात कधी नाही आणि घरच्या तळघरातील पार्किंगमध्येच होते, अशी नोंद निघाली तर अर्धे निदान तेथेच झाले, असे समजण्यास हरकत नाही.

बॅटरीत जीव किती?

शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली असता तिच्या टर्मिनलांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट मिळतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव. चार्जिंगनंतर लगेच घेतलेले माप फसवे असते. पृष्ठभागावरील भारामुळे ते फुगलेले येते, म्हणून काही तास थांबावे. इलेक्ट्रिक मोटारींत बहुधा असणाऱ्या एजीएम प्रकारच्या बॅटरीत हे आकडे किंचित वर असतात. काही नव्या मोटारींत बारा व्होल्टची बॅटरीही लिथियमची असते. टेस्लाने २०२१पासून हा बदल सुरू केला. लिथियमच्या बॅटरीला वरील आकडे लागू पडत नाहीत आणि साधा शिसे-आम्लाचा चार्जर तिला लावणेही योग्य नाही.

शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि क्षमता कायमची घटते. एकदा पूर्ण उतरून दोन दिवस तशीच राहिलेली बॅटरी दुसऱ्यांदा लवकर उतरते, तिसऱ्यांदा त्याहून लवकर. मूळ कारण केव्हाच दूर झालेले असले तरी हे चालूच राहते. उष्णतेनेही आयुष्य घटते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा बॅटरीतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या बॅटरीकडून युरोपातल्या आयुष्याची अपेक्षा धरता येत नाही.

दुकानातील हातात धरायचा टेस्टर बॅटरीची वाहकता मोजतो आणि ‘सेल्फ फिरवण्याची ताकद’ सांगतो. इलेक्ट्रिक मोटारीला या ताकदीची गरजच नसते, तिला हवी साठवण. ती तपासण्याचा जुना बॅटरीवाल्यांचा मार्ग अधिक विश्वासार्ह आहे. बॅटरी मोटारीतून काढून पूर्ण भरावी आणि तिला २१ वॅटचा बारा व्होल्टचा इंडिकेटरचा दिवा लावून ठेवावा. हा दिवा सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. दहा तासांत सतरा-अठरा अँपिअर-तास खर्च होतात. ४५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी एवढ्यानंतरही बारा व्होल्टच्या वर असते. चार-पाच तासांतच अकराच्या खाली घसरली, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. चाचणी संपताच बॅटरी पुन्हा भरावी, नाहीतर तपासणीच तिच्या मुळावर येईल.

जाता जाता टर्मिनलेही पाहावीत. त्यांवर पांढरे-हिरवे क्षार साठले असतील किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर बाकी सारे निदान नंतर.

भरणा होतो की नाही?

ही चाचणी सर्वांत सोपी. मोटार सज्ज अवस्थेत आणून, म्हणजे डॅशबोर्डवर तशी खूण उमटल्यावर, टर्मिनलांवरील दाब मोजावा. साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट मिळाले तर कन्व्हर्टर काम करतो आहे. साडेबाराच्या आसपास आकडा रेंगाळत असेल आणि दर मिनिटाला घसरत असेल, तर कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा जोडणी यांत दोष आहे. अशी मोटार महामार्गावर नेऊ नये. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही मोटारी बॅटरी भरलेली दिसली की दाब मुद्दाम तेराच्या आसपास उतरवतात. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर आकडा वर गेला, तर काळजीचे कारण नाही.

हेच माप मुख्य बॅटरी चार्ज होत असताना आणि चार्जिंग संपल्यावर तासाभराने घ्यावे. ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करण्याची सोय वापरणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे. रात्री आठला चार्जर लावला आणि चार्जिंगची वेळ बाराची ठेवली, तर काही मॉडेलांत मोटार व चार्जर यांचा संवाद मधले चार तास चालूच राहतो. त्याचा खर्च छोट्या बॅटरीवर पडतो. वीज वारंवार जाते-येते अशा भागात दर खेपेस मोटार नव्याने जागी होते.

झोप न लागणारी मोटार

बॅटरी चांगली, भरणाही ठीक, तरी ती उतरते. आता उरतो तिसरा प्रश्न. आधुनिक मोटार कुलूप लावल्यावर लगेच बंद होत नाही. तिच्यातील संगणक एकामागून एक झोपी जातात. काही मिनिटांत बरेचसे शांत होतात, शेवटच्याला अर्धा तास, क्वचित त्याहून अधिक लागतो. सगळे झोपल्यावर मोटारीचा खर्च साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असावा.

हिशेब उद्‌बोधक आहे. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ४० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला जेमतेम एक अँपिअर-तास खर्च होतो आणि बॅटरी निम्मी व्हायला तीन आठवडे लागतात. एखादाच संगणक जागा राहिला आणि खर्च ४०० मिलिअँपिअर झाला, तर हीच पातळी दोन-अडीच दिवसांत येते. आणि सगळी यंत्रणाच जागी राहिली, चार अँपिअर जाऊ लागले, तर पाच-सहा तास पुरेत. म्हणजे तीन आठवड्यांनी उतरणारी बॅटरी आणि एका रात्रीत उतरणारी बॅटरी यांची कारणे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. एका रात्रीत उतरणाऱ्या मोटारीत ‘कुठेतरी बारीक गळती असेल’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकने हा गुणाकार केलेला नसतो.

मापनाची रूढ पद्धत म्हणजे बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून मध्ये मल्टिमीटर जोडणे. इलेक्ट्रिक मोटारीत ती गैरसोयीची आहे. टर्मिनल सोडवताच अडकलेला संगणक नव्याने सुरू होतो आणि दोष त्या दिवसापुरता नाहीसा होतो. मीटर जोडलेला असताना मोटार जागी झाली, तर दहा अँपिअरचा मीटरचा फ्यूज उडतो. त्यापेक्षा एकदिश प्रवाह मिलिअँपिअरपर्यंत मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा. वायरमनकडील साधा क्लॅम्प मीटर फक्त घरगुती विजेचा प्रवाह मोजतो, तो येथे उपयोगाचा नाही.

तयारी महत्त्वाची. बॉनेट उघडे ठेवून त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत सरकवावे, म्हणजे बॉनेट लागले आहे असे मोटार समजेल. (काम संपल्यावर ते कुलूप उघडूनच बॉनेट लावावे, अन्यथा नवे काम वाढते.) फ्यूजची पेटी आतल्या बाजूस असेल तर दाराचेही तसेच करावे. किल्ली आणि किल्लीची सोय असलेला मोबाइल दहा-पंधरा मीटर दूर ठेवावा, चार्जर काढावा, मोटारीला कुलूप लावावे आणि तासभर तिला हात लावू नये. नंतर आकडा वाचावा. तो पन्नासच्या आत असेल तरी लगेच समाधान मानू नये. पुढचा तासभर पाहत राहावे, कारण खरा त्रास अनेकदा दर काही मिनिटांनी जाग्या होणाऱ्या मोटारीचा असतो. आकडा ऋण झाला आणि दाब चौदावर गेला, तर मोटार छोट्या बॅटरीला स्वतः भर घालीत आहे, असे समजावे.

एवढा वेळ उभे राहणे शक्य नसेल, तर बॅटरीच्या टर्मिनलांना जोडून मोबाइलवर दाबाचा आलेख दाखवणारी छोटी ब्लूटूथ उपकरणे मिळतात. आठवडाभराचा आलेख पुष्कळ बोलतो. रात्रभर जवळजवळ सपाट असलेली रेषा म्हणजे निरोगी झोप. दर अर्ध्या तासाने पडणारे खड्डे म्हणजे कोणीतरी मोटारीला उठवीत आहे.

गळती आहे हे ठरल्यावर ती कोणत्या शाखेत, हे शोधण्यासाठी एकेक फ्यूज उपसण्याची सवय सोडावी. फ्यूज काढता-घालताना झोपलेले संगणक जागे होतात आणि माप बिघडते. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरील दोन उघड्या ठिपक्यांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात, ते मोजावे. दहा अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलिअँपिअर. शून्य दाखवणारे फ्यूज सोडून द्यावेत. जेथे आकडा दिसतो, त्या शाखेवर काय काय आहे, ते फ्यूजच्या तक्त्यात पाहावे. हे सारे काम बारा व्होल्टच्या बाजूचे आहे. नारिंगी आवरणाच्या केबल आणि त्यांच्या जोडण्या यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये.

नेहमीचे संशयित

पहिला क्रमांक बाहेरून बसविलेल्या वस्तूंचा. पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडलेला असतो आणि त्याची ‘कमी दाबाला बंद हो’ ही सोय अनेकदा ११.६ किंवा ११.८ वर लावलेली असते. तोपर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते. ती १२.२च्या वर ठेवावी. ॲम्प्लिफायर, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, निदानाच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेले डोंगल यांचीही चौकशी व्हावी. डोंगल तर स्वतः थोडीच वीज खातो, पण मोटारीच्या संगणकांना सारखे प्रश्न विचारून झोपू देत नाही. प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकानुसार बसवावा लागणारा स्थाननिदर्शक काढता येत नाही. त्याची जोडणी मात्र नीट आहे का, हे पाहता येते. फास्टॅगवर संशय घेणारेही भेटतात. त्या स्टिकरला मोटारीच्या विजेशी काही देणेघेणे नाही.

दुसरा संशयित मोटारीतील सिमकार्ड, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी बोलणारे यंत्र. दोन-तीन मजले खाली असलेल्या पार्किंगमध्ये मोबाइलची रेंज नसते. मुंबई-पुण्याच्या नव्या गृहसंकुलांतील रहिवाशांना हे सांगायला नको. तेथे हे यंत्र जाळे शोधण्यासाठी वारंवार प्रयत्न करीत राहते. मोटार चार दिवस वरच्या मजल्यावर उभी करून पाहिली, तर एक पैसाही खर्च न करता शंका फिटते. कंपनीखेरीज इतरांनी तयार केलेले, दर पाच मिनिटांनी चार्जिंगची टक्केवारी विचारणारे ॲप मोबाइलमध्ये असेल, तर तेही आठवडाभर काढून टाकावे. स्वयंचलित किल्ली मोटारीलगतच्या भिंतीवर टांगण्याची बंगल्यांतील सवयही काही मॉडेलांना जागे ठेवते.

यातले काहीच नसेल, तर उरतो मोटारीतील एखादा संगणक, चिकटलेला रिले किंवा सॉफ्टवेअरचा दोष. येथून पुढचे काम सेवा केंद्राचे. तेथे आणखी एक सापळा असतो. दाब दहा-अकरा व्होल्टवर आला, की मोटारीतील जवळपास प्रत्येक संगणक तक्रार नोंदवतो. स्टिअरिंग, ब्रेक, एअरबॅग, कॅमेरा अशा वीस-पंचवीस दोषांची यादी छापून हाती येते आणि महागड्या भागांचे अंदाजपत्रक तयार होते. यातील बहुतेक नोंदी उपासमारीच्या असतात. बॅटरी पूर्ण भरून, नोंदी पुसून, मोटार दोन दिवस चालवावी आणि परत आलेल्या नोंदींवरच बोलावे, असा आग्रह मालकाने धरावयास हवा. वॉरंटीच्या मुदतीत असल्यास प्रत्येक भेटीचे जॉबकार्ड जपून ठेवावे. ‘बॅटरी चार्ज करून दिली’ एवढीच नोंद स्वीकारू नये. मोटार झोपल्यानंतरचा प्रवाह किती मिलिअँपिअर होता आणि किती वेळानंतर मोजला, हे त्यावर लिहून घ्यावे. हा आकडा न देता बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला, तर निदान झालेलेच नाही.

रस्त्यात उतरली तर

मोटार बंद पडल्यावर इलेक्ट्रिक मोटारीचा एक लाभ आहे. तिला सेल्फ फिरवायचा नसल्याने खिशात मावणारा जम्प स्टार्टरही पुरतो. धन वायर धन टर्मिनलला लावावी. ऋण वायर मात्र बॅटरीच्या टर्मिनलला न लावता पुस्तिकेत दाखविलेल्या धातूच्या जागी लावावी, कारण ऋण टर्मिनलवर बहुधा बॅटरीचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो. बॉनेटच विजेवर उघडत असेल, तर कंपनीने बाहेर तारा काढून ठेवलेल्या असतात. टेस्लाच्या मॉडेल ३मध्ये त्या पुढच्या टो हुकच्या झाकणामागे आहेत. उलट मदत मात्र करू नये. इलेक्ट्रिक मोटारीची छोटी बॅटरी लावून दुसऱ्याच्या पेट्रोल मोटारीचा सेल्फ फिरवण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई आहे. ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाके वर घेणारी गाडीच बोलवावी.

मुला-नातवंडांकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा आहे. निरोगी मोटारीचीही छोटी बॅटरी एवढ्या काळात टिकेलच असे नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तर ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, अन्यथा शेजाऱ्यांकडून दर दहा-बारा दिवसांनी मोटार तासभर सज्ज अवस्थेत ठेववून घ्यावी. टर्मिनल सोडवल्यावर रिमोटने दार उघडणार नाही, हे ध्यानात घेऊन किल्लीच्या आतील धातूची छोटी किल्ली निघण्याआधी एकदा कुलपात फिरवून पाहावी. काही मोटारींत हे कुलूप हँडलच्या टोपणामागे दडलेले असते आणि वर्षानुवर्षे न वापरल्याने घट्ट झालेले असते.